तारेचे मोजमाप करणारा शिक्षक

[विजेचा दाब, विजेचा प्रवाह आणि तारेचा अडथळा यांचा एकमेकांशी असलेला संबंध जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने शोधून काढला. ओहम हे शाळेतील शिक्षक होते. त्यांचा नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, पण त्याचा मान मिळायला त्यांना चौदा वर्षे वाट पाहावी लागली. त्यांच्या चिकाटीची ओळख या पाठात करून दिली आहे.]

मुलांनो, तुमच्या घरात विजेची इस्त्री असेल. ती थंड असताना आणि तिची पिन काढून ठेवलेली असताना एकदा नीट पाहा. तिच्यावर एक लहानशी पट्टी असते. त्या पट्टीवर २३० व्होल्ट, १००० वॅट असे काही आकडे लिहिलेले असतात. आकडे दोनच, पण ते वाचता आले, तर इस्त्रीच्या तारेतून किती वीज वाहते, आतील गुंडाळी त्या विजेला किती अडथळा करते आणि तासाभराच्या इस्त्रीला किती वीज खर्च होते, हे सारे कागदावर काढता येते. त्यासाठी इस्त्री उघडावी लागत नाही आणि तारेला हातही लावावा लागत नाही.

हे गणित आज शाळेतील मुलांना येते. दोनशे वर्षांपूर्वी मात्र ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. ज्यांनी ते जगाला दिले, ते कोणी मोठ्या विद्यापीठातील नामवंत प्राध्यापक नव्हते. ते एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होते. त्यांचे नाव जॉर्ज सायमन ओहम.

जॉर्जचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगन या गावी झाला. त्याचे वडील कुलपे तयार करणारे कारागीर होते आणि आई एका शिंप्याची मुलगी होती. तुमच्या गावच्या बाजारातही कुलपे दुरुस्त करणारे आणि किल्ल्या बनवणारे कारागीर तुम्ही पाहिले असतील. कानस घेऊन किल्लीचा एकेक दात ते किती जपून घासतात! केसभर जास्त घासले, तर किल्ली वाया जाते. जॉर्ज अशाच एका कारागिराच्या घरात वाढला. त्या घरात सात मुले जन्मली. पण त्यांपैकी जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण एवढीच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना त्याची आईही वारली.

वडिलांना रीतसर शिक्षण मिळाले नव्हते. परंतु त्यांना ज्ञानाची विलक्षण ओढ होती. कामातून वेळ काढून ते स्वतः पुस्तके वाचून गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकले होते. जे शिकले, ते त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना शिकवले. गावातल्या शाळेत विज्ञान फारसे शिकवले जात नसे. ती उणीव घरी भरून निघाली. जॉर्ज पंधरा वर्षांचा असताना एर्लांगन विद्यापीठातील लांग्सडोर्फ नावाच्या प्राध्यापकांनी त्याची परीक्षा घेतली. कारागिराच्या मुलाची तयारी पाहून ते थक्क झाले. स्वित्झर्लंडमधील बर्नुली घराण्यातील भावांनी गणितात मोठे नाव मिळवले होते. हे दोघे भाऊही तसेच नाव काढतील, असे त्या प्राध्यापकांना वाटले. पुढे मार्टिन खरोखरच गणिताचा प्राध्यापक झाला.

घरातून जॉर्जला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे गणिताची आवड आणि दुसरी म्हणजे हातातील कसब. धातू कापणे, तार ओढणे, नाजूक भाग एकमेकांना जोडणे, ही कामे त्याला लहानपणापासून माहीत होती. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी असणे विरळाच. पुढे याच दोन गोष्टी त्याच्या उपयोगी पडल्या.

पण मुलांनो, जॉर्ज लहानपणापासून अगदी आदर्श विद्यार्थी होता, असे मात्र समजू नका. १८०५ साली तो विद्यापीठात दाखल झाला आणि त्याचे अभ्यासावरील लक्ष उडाले. नाच, बर्फावरून घसरण्याचा खेळ आणि बिलियर्ड्स यांत त्याचा वेळ जाऊ लागला. वडिलांना हे सहन झाले नाही. जे शिक्षण आपल्याला कधी मिळाले नाही, ते मुलगा हाताने वाया घालवत आहे, हे पाहून ते संतापले. दीड वर्षातच जॉर्जला विद्यापीठ सोडावे लागले. १८०६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून गेला.

परक्या मुलखात दुसऱ्यांच्या मुलांना शिकवताना त्याला आपल्या शिक्षणाचे मोल कळले. त्याला पुन्हा विद्यापीठात जायची इच्छा झाली. लांग्सडोर्फ आता हायडेलबर्गला गेले होते. जॉर्जने त्यांच्याकडे जायचे ठरवले. पण त्यांनी त्याला वेगळाच सल्ला दिला. कोणाच्याही मागे न येता ऑयलर, लाप्लास यांसारख्या थोर गणितज्ञांचे ग्रंथ स्वतःच वाचावेत, असे त्यांनी सुचवले. जॉर्जने हा सल्ला मानला. पोटासाठी शिकवणी आणि उरलेल्या वेळात अभ्यास, असा त्याचा क्रम सुरू झाला. १८११ साली तो एर्लांगनला परतला आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट ही पदवी मिळवली.

पदवी मिळाली, पण पोट भरेना. विद्यापीठातील शिकवण्याच्या कामातून फारच थोडे पैसे मिळत. म्हणून १८१३ साली ओहम यांनी बांबर्ग येथील एका साध्या शाळेत नोकरी धरली. तीन वर्षांनी ती शाळाही बंद पडली. या धावपळीतही त्यांनी भूमितीवर एक पुस्तक लिहिले. १८१७ साली ते प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी कोलोन शहरातील एका शाळेत त्यांना गणित व भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा मिळाली. त्या शाळेत एक चांगली प्रयोगशाळा होती. शाळा सुटल्यानंतर ओहम त्या प्रयोगशाळेत जाऊन बसू लागले.

तो काळ विजेच्या नवलाईचा होता. १८०० साली इटलीतील व्होल्टा यांनी पहिली बॅटरी तयार केली होती. १८२० साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड यांनी एक आश्चर्य दाखवून दिले. तारेतून वीज वाहू लागली, की जवळ ठेवलेली चुंबकसूची हलते. म्हणजे वीज डोळ्यांना दिसत नसली, तरी ती वाहते आहे हे कळण्याची खूण मिळाली. सूची जास्त हलली तर प्रवाह जास्त, कमी हलली तर प्रवाह कमी.

ओहम यांच्या मनात एक प्रश्न आला. बॅटरी तीच ठेवली आणि तारेची लांबी वाढवत नेली, तर विजेचा प्रवाह किती कमी होईल? कमी होतो, हे दिसतच होते. पण नेमका किती? कोणत्या हिशोबाने? कुलपाची किल्ली अंदाजाने चालत नाही, तिचे माप नेमके लागते. कारागिराच्या मुलाला विजेचेही तसेच नेमके माप हवे होते.

१८२५ साली त्यांनी प्रयोग केले आणि घाईने एक सूत्र प्रसिद्ध केले. ते सूत्र चुकले होते! चूक कोठे झाली, ते पाहा. त्या काळच्या बॅटरीचा जोर स्थिर राहत नसे. तार जोडली, की तो लगेच उतरू लागे. त्यामुळे प्रवाह कमी झाला, तो तार लांब असल्यामुळे की बॅटरी उतरल्यामुळे, हे सांगता येत नव्हते. वजन करताना तराजूच जर डळमळत असेल, तर वजन खरे कसे निघेल?

दुसरा एखादा माणूस आपल्या छापलेल्या सूत्राला चिकटून बसला असता. ओहम यांनी तसे केले नाही. ते पुन्हा कामाला लागले. पोगेनडॉर्फ नावाच्या एका संपादकांनी त्यांना सुचवले, की बॅटरीऐवजी उष्णतेवर चालणारे साधन वापरावे. चार वर्षांपूर्वी, १८२१ साली, झेबेक या शास्त्रज्ञांनी असे दाखवले होते, की दोन वेगवेगळ्या धातूंचे तुकडे दोन टोकांना जोडून एक टोक गरम आणि दुसरे थंड ठेवले, तर त्यांतून वीज वाहते. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे यांची जोडी घेतली. एक टोक त्यांनी उकळत्या पाण्यात ठेवले आणि दुसरे बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे, तोपर्यंत दोन्ही टोकांच्या तापमानांत फरक पडत नाही. म्हणून विजेचा जोरही बदलत नाही. डळमळणारा तराजू आता स्थिर झाला!

१८२६ सालचा जानेवारी महिना होता. ओहम यांनी सारख्याच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. त्यांची लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच होती. प्रत्येक तार पाळीपाळीने जोडायची आणि टांगलेल्या चुंबकसूचीवर विजेचा किती जोर पडतो, ते मोजायचे. हे मोजण्याचे नाजूक उपकरण त्यांनी स्वतःच जुळवले होते. वडिलांच्या कारखान्यात शिकलेले कसब आता कामी आले. तेच प्रयोग त्यांनी वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा केले.

२ इंचांची तार असताना त्यांच्या मापाने प्रवाह सुमारे ३२७ भाग भरला. १३० इंचांची तार असताना तो सुमारे ४८.५ भाग भरला. आता तुम्ही जरा विचार करा. तार ६५ पट लांब झाली, मग प्रवाह ६५ पट कमी का झाला नाही? तो तर केवळ पावणेसात पट कमी झाला! ओहम यांनी याचे कारण शोधून काढले. वीज नुसत्या तारेतून जात नाही, ती त्या साधनाच्या इतर भागांतूनही जाते. त्या भागांचाही अडथळा असतो. तो अडथळा सव्वावीस इंच तारेइतका आहे, असे त्यांच्या हिशोबात आले. आता बेरीज करा. २ आणि २०.२५ मिळून २२.२५. १३० आणि २०.२५ मिळून १५०.२५. दुसरी संख्या पहिलीच्या पावणेसात पट आहे. गणित आणि प्रयोग दोन्ही जुळले!

मग त्यांनी टोकांच्या तापमानांतील फरक कमी करून पाहिला. तेव्हा विजेचा जोर कमी झाला, पण तो सव्वावीस इंचांचा अडथळा तसाच राहिला. यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. विजेला ढकलणारा जोर वेगळा आणि तिला अडवणारा अडथळा वेगळा. किती वीज वाहणार, हे या दोहोंवर अवलंबून असते.

मुलांनो, हे समजण्यासाठी गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी जितकी उंच, तितका नळाला पाण्याचा जोर अधिक. पण नळी लांब आणि अरुंद असेल, तर पाणी बारीक धारेने येते. विजेचेही तसेच आहे. विजेला ढकलणाऱ्या जोराला आपण विभवांतर म्हणतो आणि ते व्होल्टमध्ये मोजतो. वाहणाऱ्या विजेला विद्युतधारा म्हणतो आणि ती अँपिअरमध्ये मोजतो. तारेच्या अडथळ्याला रोध म्हणतो. तार लांब झाली, की रोध वाढतो. तार जाड झाली, की तो कमी होतो. ओहम यांचा नियम एका ओळीत असा सांगता येतो : तापमान आणि तार यांत बदल झाला नाही, तर विभवांतर ज्या प्रमाणात वाढते, त्याच प्रमाणात विद्युतधाराही वाढते. म्हणून

रोध = विभवांतर ÷ विद्युतधारा

समजा, तुमच्या विजेरीत दोन सेल आहेत आणि त्या दोहोंचे मिळून विभवांतर ३ व्होल्ट आहे. पेटलेल्या दिव्यातून ०.३ अँपिअर धारा वाहते. मग दिव्याचा रोध किती? ३ भागिले ०.३, म्हणजे १०. हा रोध ज्या एककात मोजतात, त्याचे नाव तुम्हांला पाठाच्या शेवटी कळेल.

एवढा सोपा आणि एवढा उपयोगी नियम! तो ऐकताच लोकांनी ओहम यांना डोक्यावर घेतले असेल, असे तुम्हांला वाटेल. प्रत्यक्षात तसे झाले नाही. नियम पुस्तकरूपाने मांडावा आणि त्या बळावर एखाद्या विद्यापीठात जागा मिळवावी, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी अर्ध्या पगारावर एक वर्षाची रजा घेतली आणि ते बर्लिनला भावाकडे गेले. १८२७ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात विजेचे सारे विवेचन गणिताच्या भाषेत केले होते. त्या काळी जर्मनीतील बऱ्याच विद्वानांना भौतिकशास्त्रात एवढे गणित आणणे पसंत नव्हते. काहींना ते समजले नाही आणि काहींनी ते समजून घेण्याची तसदी घेतली नाही. एका समीक्षकाने तर त्यावर कडक टीका केली. विद्यापीठातील जागा काही मिळाली नाही. ओहम यांच्या पदरी निराशा पडली.

ते फार दुखावले गेले. १८२८ साली त्यांनी कोलोनच्या शाळेतील नोकरीचा राजीनामा दिला. व्यवहारी माणसे याला हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे म्हणतील आणि त्यात थोडे तथ्यही आहे. पुढची पाच-सहा वर्षे त्यांना बर्लिनमध्ये गणिताची किरकोळ शिकवणी करून काढावी लागली. ना हक्काची नोकरी, ना प्रयोगशाळा. वय चाळिशीच्या घरात आलेले. त्यांनी लग्नही केले नव्हते.

पण नियम खरा होता. तांब्याच्या त्या तारा कोणाच्या टीकेने लांब किंवा आखूड होणार नव्हत्या. ज्याला शंका असेल, त्याने तार जोडावी, सूची पाहावी आणि स्वतः मोजून घ्यावे. काही जणांनी तसे केले. १८३१ साली फेश्नर या जर्मन शास्त्रज्ञांनी पुष्कळ प्रयोग करून ओहम यांचा नियम बरोबर असल्याचे दाखवले. हळूहळू इतर देशांतील अभ्यासकही तो वापरू लागले. याच सुमारास तारायंत्राचे युग सुरू झाले. कित्येक मैल लांब तारेतून संदेश पाठवायचा, तर त्या तारेचा रोध किती आणि तिला किती सेल लागतील, हे आधी काढावे लागे. त्यासाठी ओहम यांच्या नियमावाचून दुसरा मार्ग नव्हता.

१८३३ साली न्यूरेंबर्ग येथील तंत्रशिक्षणाच्या संस्थेत ओहम यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. हा त्या काळी विज्ञानातील फार मोठा मान होता. त्याच वर्षी त्यांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. मुलांनो, एका भाषेतील ज्ञान दुसऱ्या भाषेत गेले, की त्याचे बळ कसे वाढते, ते पाहा. जे पुस्तक स्वतःच्या देशात चौदा वर्षे उपेक्षित राहिले, त्याचा मान आधी परक्या देशात झाला आणि मग स्वदेशालाही आपल्या माणसाची किंमत कळली. १८४९ साली ओहम म्यूनिकला गेले. १८५२ साली तेथील विद्यापीठात ते भौतिकशास्त्राचे मुख्य प्राध्यापक झाले. ज्या पदाची इच्छा त्यांनी तरुणपणी धरली होती, ते पद त्यांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, म्यूनिक येथे त्यांचे निधन झाले.

ओहम यांचे काम पुढे इतरांनी नेले. इंग्लंडमधील जेम्स ज्यूल यांनी १८४१ च्या सुमारास तारेत निर्माण होणारी उष्णता मोजली. विद्युतधारेचा वर्ग करून त्याला रोधाने गुणले, की दर सेकंदाला किती उष्णता निर्माण होते, हे कळते, असे त्यांना आढळले. दर सेकंदाला खर्च होणाऱ्या या ऊर्जेला विद्युतशक्ती म्हणतात. ती वॅटमध्ये मोजतात. ती काढण्याची आणखी एक सोपी रीत आहे :

विद्युतशक्ती = विभवांतर × विद्युतधारा

आता आपल्या इस्त्रीकडे परत येऊ. पट्टीवर २३० व्होल्ट आणि १००० वॅट हे आकडे आहेत. १००० ला २३० ने भागा. विद्युतधारा सुमारे ४.३५ अँपिअर आली. आता २३० ला ४.३५ ने भागा. गरम इस्त्रीच्या गुंडाळीचा रोध सुमारे ५३ आला. इस्त्री एक तास सतत तापत राहिली, तर एक युनिट वीज खर्च होते, कारण १००० वॅटचे साधन एक तास चालले, की एक युनिट होते.

इस्त्रीची गुंडाळी खूप तापते, पण तिला वीज पुरवणारी बाहेरची वायर फारशी तापत नाही. दोहोंतून धारा तर एकच वाहते. मग असे का? समजा, त्या वायरचा रोध ०.१ आहे. ४.३५ चा वर्ग करून त्याला ०.१ ने गुणा. जेमतेम २ वॅट येतात! गुंडाळीत मात्र १००० वॅट. रोध जेथे जास्त, तेथे उष्णता जास्त.

याच गणितात आपली सुरक्षितताही आहे. २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो. भिंतीवरील लहान सॉकेट मात्र ५ किंवा ६ अँपिअरसाठीच केलेले असते. म्हणून गिझरला जाड वायर आणि मोठे सॉकेट लागते. एकाच लहान सॉकेटवर इस्त्री, शेगडी आणि हीटर जोडले, तर वायर तापते, तिचे वेष्टन वितळते आणि आग लागू शकते. घरात कोणी असे करत असेल, तर गणित करून त्यांना दाखवा. आणि एक लक्षात ठेवा : घरातील विजेवर कधीही प्रयोग करू नका. प्रयोगासाठी विजेरीचे सेल पुरे आहेत.

१८८१ साली पॅरिस येथे विद्युतशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. विजेच्या मापांना थोर शास्त्रज्ञांची नावे देण्याचे तेथे ठरले. दाबाला व्होल्टा यांचे नाव मिळाले, धारेला फ्रान्सच्या अँपिअर यांचे आणि रोधाला ओहम यांचे. म्हणजे विजेरीच्या दिव्याचा रोध १० ओहम आणि गरम इस्त्रीच्या गुंडाळीचा सुमारे ५३ ओहम.

मुलांनो, ओहम यांच्या पुस्तकावर टीका करणाऱ्यांची नावे आज फारशी कोणाला ठाऊक नाहीत. ओहम यांचे नाव मात्र रोज जगातील लाखो कारागीर, तंत्रज्ञ आणि विद्यार्थी घेतात. रेडिओ दुरुस्त करणारा मेकॅनिक मीटरचा काटा पाहून किती ओहम आले, असे विचारतो, तेव्हा कुलपे बनवणाऱ्या एका कारागिराच्या मुलाची आठवण नकळत जागी होते. पहिल्या वेळी तो चुकला होता. पण त्याने आपली चूक झाकली नाही. त्याने तराजू बदलला आणि पुन्हा मोजले.

शब्दार्थ

कसब – कौशल्य
कानस – धातू घासण्याचे हत्यार
चिकाटी – नेटाने काम करत राहण्याचा गुण
विरळा – क्वचित आढळणारा
चुंबकसूची – होकायंत्रातील लोहचुंबकाची सुई
विवेचन – सविस्तर मांडणी
उपेक्षित – दुर्लक्ष झालेले
तसदी – त्रास
तथ्य – खरेपणा
विजेरी – टॉर्च
वेष्टन – वरचे आवरण

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ओहम यांचे वडील कोणते काम करत?
(आ) ओहम यांनी बॅटरीऐवजी कोणते साधन वापरले?
(इ) ओहम यांना कोप्ली पदक कोणत्या साली मिळाले?

२. कारणे लिहा.
(अ) ओहम यांचे १८२५ सालचे सूत्र चुकले.
(आ) तार ६५ पट लांब होऊनही प्रवाह ६५ पट कमी झाला नाही.
(इ) इस्त्रीची गुंडाळी तापते, पण बाहेरची वायर फारशी तापत नाही.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) घरातून मिळालेल्या दोन गोष्टींचा ओहम यांना कसा उपयोग झाला?
(आ) कोलोनची नोकरी सोडण्याचा ओहम यांचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? कारण लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
पदरी निराशा पडणे, थक्क होणे, डोक्यावर घेणे, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे.

५. गणित करा.
एका शेगडीवर २३० व्होल्ट, ११५० वॅट असे लिहिले आहे. तिच्यातून किती अँपिअर धारा वाहील? ती गरम असताना तिचा रोध किती ओहम असेल? दोन तासांत किती युनिट वीज खर्च होईल?